जुना वायरलेस संच आणि घरातली वीज



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्री साडेनऊचा सुमार होता. जेवणे उरकून लोक टीव्हीपुढे बसले होते. एकाएकी आमच्या खोलीतला पंखा रेंगाळू लागला आणि समोरच्या रांगेतल्या घरांत मात्र पंखे घोंघावू लागले. तिथल्या जिन्यावरचा पिवळा बल्ब पांढराफट्ट पेटला आणि फुटला. कुणीतरी ओरडले, ‘मेन स्विच बंद करा!’ तोवर तिसऱ्या खोलीतून जळका वास येऊ लागला होता.

त्या खोलीत एक मुलगा राहतो. वय वीस. डिप्लोमाला शिकतो. वडील नाहीत, आई धुण्याभांड्याची कामे करते. या मुलाने सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्याचा परवाना मिळवला आहे. नवीन संच घेण्याची ऐपत नाही. तार खात्यातून निवृत्त झालेले एक काका मागच्या गल्लीत राहतात. त्यांनी आपला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा संच या मुलाला दिला. म्हणाले, ‘माझ्यामागे हा भंगारात जाईल. तू वापर, पण सांभाळ.’ त्या रात्री तोच संच जळाला.

मुलगा रडत नव्हता. संचाकडे बघत नुसता बसला होता. आई मला म्हणाली, ‘भाऊ, परक्याची ठेव होती हो. आता त्यांना तोंड कसे दाखवायचे?’

हा प्रश्न मला लागला. म्हणून आजचे सदर या विषयावर लिहीत आहे. असा संच आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी असेल, हे मला माहीत आहे. पण आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पुष्कळ घरांत फळीवर आहे. टीव्ही आणि फ्रीज तर घरोघरी आहेत. वीज सगळ्यांच्या घरात एकाच तारेतून येते.

प्रथम हे हॅम रेडिओ प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो. परवानाधारक माणूस आपल्या घरातून, स्वतःच्या संचावरून आणि स्वतः ताणलेल्या तारेवरून दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलतो. मधे टेलिफोन कंपनी नाही, मनोरा नाही. धंदा मात्र करता येत नाही. एरवी हा छंद वाटतो, पण संकटात त्याची किंमत कळते. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद नावाच्या हॅम बाई योगायोगाने आपले संच घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांच्या संचावरून बेटावरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळत राहिली. असे संच जिवंत राहणे हे समाजाच्याही कामाचे आहे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरतात. पुरवठ्याच्या नियमांत साधारण सहा टक्के वर-खाली अशी मुभा आहे. हिशेब केला तर २१६ ते २४४ व्होल्ट होतात. प्रत्यक्षात काय होते? डीपी लांब असते, तार बारीक असते, त्यावर आकडे टाकलेले असतात. संध्याकाळी सगळ्यांची उपकरणे एकदम चालू होतात आणि व्होल्टेज खाली येते. मध्यरात्री लोक झोपले की तेच व्होल्टेज वर चढते. पूर्वी हे पिवळ्या दिव्यावरून कळायचे. दिवा मिणमिणला की घरातली म्हातारी माणसेही ‘आज लाइट डिम आहे’ म्हणायची. आता एलईडी आले. व्होल्टेज पुष्कळ वर-खाली झाले तरी ते सारखाच उजेड देतात. सोय झाली खरी, पण घरातला पहारेकरी गेला.

आमच्याकडे त्या रात्री झाले ते याहून भयंकर होते. न्यूट्रलची तार तुटली. ती तुटल्याने काय होते ते सोप्या आकड्यांत सांगतो. डीपीवरून तीन फेज निघतात. कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल शाबूत असते तोवर प्रत्येक घराला २३० मिळतात. ती तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांना जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. समजा, एका घरात १००० वॅटची इस्त्री चालू आहे आणि दुसऱ्या घरात फक्त १०० वॅटचा भार आहे. चारशेचे अकरा वाटे होतील. इस्त्रीवाल्या घराला एक वाटा, म्हणजे सुमारे ३६ व्होल्ट. दुसऱ्याला दहा वाटे, म्हणजे सुमारे ३६४ व्होल्ट! ज्याने काटकसरीने कमी वीज वापरली, त्याचेच घर जळते. काही घरे अंधुक आणि काही घरे लख्ख असे दिसले, की विचार करत बसू नये. ताबडतोब मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना हाक मारावी आणि वीज कार्यालयाला कळवावे. खांबावर स्वतः चढू नये.

दुसऱ्या दिवशी काका आले. रागावले नाहीत. त्यांनी संच उघडला, फ्यूजची नळी काढली आणि विचारले, ‘बाळ, हा फ्यूज कितीचा आहे?’

मुलगा गप्प. नळीवर त्याने तांब्याची तार गुंडाळली होती. आधी दोनदा फ्यूज उडाला, दुकान लांब, म्हणून तात्पुरती तार घातली आणि ती तशीच राहिली.

काका म्हणाले, ‘व्होल्टेज साडेतीनशेला गेले की ट्रान्सफॉर्मरचे लोखंड भरून जाते आणि तो भरमसाट करंट ओढतो. खरा फ्यूज असता तर तो उडाला असता. दहा-वीस रुपयांचा तुकडा गेला असता आणि ट्रान्सफॉर्मर राहिला असता.’

या प्रसंगानंतर मी चार रविवार काकांकडे जाऊन बसलो. मी आकडेमोडीचा माणूस, विजेचा नाही. त्यांनी सांगितले ते वहीत उतरवून घेतले. त्याचा सारांश देतो.

पहिली गोष्ट मोजमापाची. आपल्या घरातले व्होल्टेज किती, हे अंदाजाने सांगू नये. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर दुकानात मिळतो. आठ दिवस सकाळी, संध्याकाळी आठला आणि रात्री बाराला आकडा वहीत लिहावा. आमच्या चाळीत संध्याकाळी २०५ आणि मध्यरात्री २५० असे आकडे आले. रोग कळल्याशिवाय औषध घेऊ नये.

दुसरी गोष्ट टॅपची. जुन्या रेडिओच्या आणि संचाच्या मागे किंवा आत २००, २२०, २४० असे आकडे असतात. आपला संच कोणत्या आकड्यावर जोडला आहे ते आधी पाहावे. २२० च्या टॅपवरच्या संचाला २५० मिळाले तर तेरा-चौदा टक्के जास्त झाले. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट हवेत, तिथे जवळजवळ ७.२ जातात. एरवी दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे धरतात. आत ४०० व्होल्टचा डीसी असेल तर तो ४५४ होतो आणि तिथला कंडेन्सर असतो ४५० चा. म्हणजे एका रात्रीत मरत नाही, पण रोज थोडा थोडा मरतो. संचाला २४० चा टॅप असेल तर जाणकाराकडून तो जोडून घ्यावा. त्याला खर्च जवळजवळ नाही.

कमी व्होल्टेजही निरुपद्रवी नाही. फिलामेंट नीट तापलेले नसताना ट्रान्समिट केले तर पॉवरच्या व्हॉल्व्हचा कॅथोड खराब होतो. संध्याकाळी आकडा फार खाली असेल तेव्हा फक्त ऐकावे, बोलू नये.

तिसरी गोष्ट फ्यूजची. संचावर लिहिला असेल तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज घालावा. दोन-चार फ्यूज घरात जास्तीचे ठेवावेत. फ्यूज वरचेवर उडत असेल तर तो काहीतरी सांगतो आहे, त्याचे तोंड तारेने बंद करू नये. फ्यूज आणि स्विच फेजच्या तारेवर आहेत ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

चौथी गोष्ट स्टॅबिलायझरची. ‘स्टॅबिलायझर लावला की झाले’ असा आपला समज आहे. साधा रिलेचा स्टॅबिलायझर टकटक करत टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलतो आणि प्रत्येक टकटकीला क्षणभर वीज तुटते. फ्रीजला ते चालते. संचाला सर्वो प्रकारचा अधिक बरा, कारण तो हळूहळू आणि सलग दुरुस्ती करतो. पण हळू असल्यामुळे एकदम आलेला उसळता झटका तो अडवू शकत नाही. सीव्हीटी नावाचा तिसरा प्रकार आहे. तो व्होल्टेज चांगले धरून ठेवतो, पण स्वतः तापतो, गुणगुणतो आणि रेडिओजवळ ठेवला तर ती गुणगुण रेडिओत ऐकू येते. तो जरा लांब ठेवावा. कोणताही घेतला तरी संचाच्या गरजेपेक्षा मोठा घ्यावा. संच ३०० वॅटचा असेल तर निदान ५०० व्हीए.

न्यूट्रल तुटल्यावर मात्र यांतले काही पुरत नाही. तिथे वीज तोडणारेच यंत्र हवे. व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेले की पुरवठा बंद करणारे आणि परत ठीक झाल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून चालू करणारे कट-ऑफ यंत्र बाजारात मिळते. ते मीटरनंतर सगळ्या घरासाठी बसवून घेता येते. मला विचाराल तर टीव्हीचा पडदा चार इंच मोठा घेण्याऐवजी हे आधी घ्यावे.

‘सर्ज प्रोटेक्टर’ असे लिहिलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी एक शब्द. त्यात एमओव्ही नावाची छोटी चकती असते. क्षणभराचा झटका ती गिळते. पण तास-अर्धा तास ३५० व्होल्ट राहिले तर ती स्वतःच जळते. म्हणून ती फ्यूजनंतरच असावी.

पाचवी गोष्ट परदेशी संचांची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा जुन्या बाजारात अमेरिकन संच कधीकधी मिळतात. ते ११५-११७ व्होल्टचे असतात. त्यांना निम्मे करणारा ट्रान्सफॉर्मर लावतात. पण निम्मे म्हणजे आपल्या २५० चे १२५ होतात, हे लोक विसरतात. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. फक्त ६० साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापतो. अशा संचाला व्होल्टेज थोडे कमीच द्यावे आणि तासाभराने हात लावून ट्रान्सफॉर्मर किती तापला ते पाहावे. हात लावण्यापूर्वी प्लग काढावा आणि हात बाहेरून पेटीवरच लावावा.

सहावी गोष्ट वर्षानुवर्षे बंद पडलेल्या रेडिओची. आजोबांचा रेडिओ फळीवरून काढला, पुसला आणि हौसेने प्लग लावला, असे कधी करू नये. जुन्या कंडेन्सरमधला अ‍ॅल्युमिनियमवरचा पातळ थर पडून पडून खराब झालेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाले की तो तापतो आणि फुटतो. जुने मेकॅनिक एक साधी युक्ती करत. संचाच्या फेजच्या तारेत ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडत. एलईडी नव्हे, तारेचाच बल्ब. चालू करताच बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. संच वाचतो, कारण भार बल्ब घेतो. हे काम जाणकारानेच करावे.

आता सातवी गोष्ट, आणि हीच सगळ्यांत महत्त्वाची. संच गेला तर पैसे जातात, पण ही चूक झाली तर माणूस जातो. काही जुने रेडिओ ‘एसी-डीसी’ प्रकारचे असत. त्यांच्यात मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. आतला लोखंडी साचा, म्हणजे चॅसी, थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की अख्ख्या चॅसीवर २३० व्होल्ट येतात. मूठ तुटून उघडी पडलेली दांडी, मागचा स्क्रू, काहीही हाताला लागले तरी झटका बसतो. अशा रेडिओला घाईने अर्थिंगही जोडू नये, कारण तो शॉर्ट होईल. मागचे झाकण नसलेला असा रेडिओ लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. दुरुस्तीच्या वेळी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा लागतो. इथे पुष्कळ जण फसतात. व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक आणि बरेचसे स्टॅबिलायझर हे आयसोलेशन देत नाहीत. आकडा सुरक्षित दिसतो, पण तार थेट मेनलाच जोडलेली असते.

ज्या संचात ट्रान्सफॉर्मर आहे, त्याला तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग हवे. ‘खरे’ असे मुद्दाम म्हणतो, कारण आपल्या पुष्कळ खोल्यांत तिसरे भोक नुसते शोभेला असते. आत तार जोडलेलीच नसते. वायरमनला शंभर-दोनशे रुपये द्यावे लागले तरी ते तपासून घ्यावे. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर फारच उत्तम. आणि संच बंद केला म्हणजे तो मेला असे समजू नये. कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट नंतरही साठून राहतात. शिकलेल्या माणसाने ते उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये.

आठवी गोष्ट पावसाळ्याची. विजा चमकू लागल्या की प्लग काढावा आणि अँटेनाची तारही संचापासून वेगळी करून बाहेर टाकावी. हे वादळ डोक्यावर येण्यापूर्वी करावे, नंतर नव्हे. लाइट गेली तरी प्लग काढावा. येताना ती कशी येईल याचा नेम नसतो.

शेवटची गोष्ट आपल्या हक्काची. व्होल्टेज सतत कमी-जास्त असेल तर नुसते कपाळाला हात लावून बसू नये. वहीतले आठ दिवसांचे आकडे, तारीख आणि वेळ लिहून लेखी अर्ज करावा. पोच घ्यावी. एकट्याने देण्यापेक्षा चाळीच्या सह्या घेऊन द्यावा. आम्ही एकवीस खोल्यांच्या सह्या घेतल्या. दोन फेऱ्या फुकट गेल्या. ‘साहेब बाहेर आहेत’ हे उत्तर ऐकले. तिसऱ्या फेरीला आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला, तेव्हा माणूस आला, खांबावरचा सडलेला जोड बदलला गेला. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लेखी आकडा टेबलावर राहतो. तीस वर्षांच्या आसपास कागदांत काढलेला माझा अनुभव मला हेच सांगतो. आणि त्याच वेळी आमच्यापैकी दोघांना आपापले आकडेही काढावे लागले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. हक्क मागायचा तर आधी आपले हात स्वच्छ हवेत.

त्या संचाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगला दिला. दोन कंडेन्सर बदलले. मुलाने सुट्टीत एका दुकानात काम करून पैसे उभे केले. काकांनी अर्धे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. साडेतीन महिन्यांनी संच पुन्हा सुरू झाला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा फेजच्या तारेत बल्ब लावला होता. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

आता त्या खोलीत बोर्डाशेजारी एक छोटा मीटर लावला आहे. मुलाच्या आईला अक्षरओळख बेताची आहे, पण आकडे चांगले येतात. परवा मी गेलो तेव्हा मुलगा संचाला हात लावणार इतक्यात ती चुलीपाशीच्या कामातून म्हणाली, ‘थांब रे, दोनशे अठ्ठेचाळीस दाखवतंय. जरा खाली येऊ दे.’

तो थांबला.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर एवढेच करा. आपल्या घरातल्या फ्यूजमध्ये तार गुंडाळलेली आहे का, ते मेन स्विच बंद करून, दिवसाउजेडी, जाणकार माणसाला दाखवून घ्या. असेल तर आजच काढून टाका.